थोरलीचे तळवे

पहाटे थोरली लंगडत नव्हती, आणि येल्काला तेवढंच हवं होतं.

आदल्या संध्याकाळपर्यंत ती चांगलीच लंगडत होती. ओर्मेच्या वस्तीत कुणाची खोमी लंगडते हे लपून राहत नाही, आणि थोरली तर म्होरकी, सगळ्या कळपाला उकळत्या चिखलावरच्या सायीवरून पार नेणारी. खोमीचा तळवा सुपाएवढा रुंद, पण जिभेसारखा मऊ आणि उघडा. कपाळावरची झिपरी बाजूला सारली तर खाली वाटाण्याएवढे दोन डोळे सापडतात, त्यांचा उपयोग रडण्यापुरताच. खोमी बघते ती तळव्यांनी. यंदाच्या कोरड्या हिवाळ्यात दगडांवर चरून थोरलीच्या तळव्यांना बोटबोट खोल भेगा पडल्या होत्या आणि ती पाऊल टाकताना कण्हत होती.

येल्काचा दीर दोर्गू कुंपणावर रेलून मजा बघत होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात विष होतं असंही नाही. "वहिनी, थोरलीला आता झोळीत घालून न्या पलीकडे. चार माणसं मी देतो. वाट माझी काळतोंडी दाखवेल."

"तुमच्या काळतोंडीला आधी स्वतःच्या शेपटीची वाट सापडू दे, भावजी," येल्का म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. लंगडी म्होरकी सायीवर घालायची नाही, हा नियम कुणी मोडत नाही. सकाळी थोरली लंगडताना दिसली असती तर म्होरकेपण दोर्गूकडे गेलं असतं. नवरा तापाने गेल्यापासून येल्काकडे मान म्हणून राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती. तिला ती सोडायची नव्हती. उगाच कशाला खोटं बोला.

निघायच्या दिवशी घरातल्या थोरल्या बाईने म्होरकीचे पाय कोमट पाण्याने धुवायचे असतात. येल्काची सासू नौरा त्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठली. येल्का गोठ्यात आली तेव्हा म्हातारी भांडं पालथं घालून हात पुसत होती आणि थोरली चारी पायांवर सरळ उभी होती.

"झालं धुऊन," नौरा म्हणाली. "आता कण्हत नाही बघ. जा घेऊन."

येल्काने थोरलीला अंगणात फिरवलं. लंगडण्याचं नाव नाही. एरवी ती निघण्याआधी म्होरकीचा एकेक पाय गुडघ्यावर घेऊन बघायची. त्या दिवशी तिने पाय उचलला नाही. बघितलं तर काहीतरी दिसेल, ही शंका तिच्या मनात कुठेतरी असावी. तिने थोरलीच्या गळ्याला मिठी मारली आणि म्होरक्याचा लाल पट्टा स्वतःच्या कमरेला आवळला.

साय म्हणजे रटरटणाऱ्या चिखलावर धरलेला पापुद्रा. कुठे हातभर जाड, कुठे भाकरीएवढा. वरून सगळा सारखाच दिसतो, राखाडी आणि निरुपद्रवी. रात्रीच्या गारठ्याने तो कडक होतो, ऊन चढलं की मऊ पडायला लागतो. म्हणून उजाडताच निघायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पलीकडे थेलच्या काठाला लागायचं. अलीकडचं शेवाळ संपलेलं, खोम्या विणीला आलेल्या. न जाऊन चालणार नव्हतं.

ओळ लागली. पुढे थोरली, तिचा डावा कान मुठीत धरून येल्का. मागे अंतर सोडून काळतोंडी, तिच्याबरोबर दोर्गू आणि तिच्या पाठीवर म्हातारी नौरा. मग बाकीचा कळप, प्रत्येक खोमीमागे तिचं माणूस, आणि त्यात कुठेतरी येल्काची लेक रिमी, पाठीशी तान्हं बांधलेली. मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही असं येल्काने ठरवलं होतं, आणि ती सारखी बघत होती.

सायीवर मोठ्याने बोलत नाहीत. एका जागी उभंही राहत नाहीत, कारण उभ्या जनावराच्या भाराने पापुद्रा खचायला लागतो. आणि मागे फिरत नाहीत. सगळी ओळ जाऊन आली की त्या वाटेला भेगा पडतात, खालचं कढत पाणी वर येतं. सायीवर फक्त पुढे जाता येतं. म्होरकीला पातळ जागा लागली की ती पुढचा पाय उचलून धरते, बाजूला चाचपते, वळते. तिच्या मागून सगळे वळतात. म्हातारे म्हणतात, यात माणसाचं काम एवढंच, कान धरायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

दोर्गूला दुसरं कधी जमलं नव्हतं. "आई," तो पाठीवरच्या नौराला कुजबुजत होता, "आज गप्प का? एरवी इथपर्यंत माझ्या सात पिढ्या उद्धरून झालेल्या असतात तुझ्या."

"पाय बघून टाक," म्हातारी म्हणाली. बस, इतकंच.

येल्काने ते ऐकलं आणि तिला चुकल्यासारखं वाटलं. नौरा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सायीवर तर ती दबक्या आवाजात अखंड बडबडायची, डावीकडे वाफ आहे, उजवीकडे रंग बदललाय, ह्याचं जनावर फार जवळ आलंय. तरुणपणी तीच म्होरक्याचा लाल पट्टा बांधायची. आज मात्र तिने काळतोंडीची आयाळ दोन्ही हातांनी गच्च धरली होती आणि तिची नजर थोरलीच्या पायांवरून हलत नव्हती.

ऊन कोवळं होतं तोवर सगळं ठीक चाललं. मग उजव्या हाताला एक धुसमुसणारं भोक आलं, पातळ वाफ सोडणारं. अशा भोकाजवळ थोरली नेहमी मान वळवायची, पावलं आखडायची. आज ती त्याच्या कडेने बाजारात निघाल्यासारखी सरळ चालत गेली. येल्काने कान ओढून तिला बाजूला घेतलं. थोरली मुकाट आली.

 म्होरकीला माणसाने वळवायचं, हे तिने जन्मात केलं नव्हतं.

"म्हातारी झाली," ती स्वतःशीच म्हणाली. "झोप झाली नसेल." मनाची समजूत घालायला माणसाला काहीही पुरतं.

थोड्या अंतरावर सायीचा रंग किंचित पिवळसर होता. तिथे थोरली थांबेल, पाय उचलेल, म्हणून येल्का वाट बघत होती. थोरली थांबली नाही. तिने पुढचा उजवा पाय टाकला आणि करकर असा आवाज झाला, पापड मोडावा तसा, आणि पाय आत गेला.

येल्का सगळं अंग टाकून कानाला लोंबकळली. "मागं! मागं, बये, मागं!"

आणि तेव्हा जे झालं ते तिला कधी विसरता आलं नाही. थोरली पाय ओढेना. तिचा तळवा कढत चिखलात होता आणि ती नुसती उभी होती, रवंथ करत. चिखल तळव्याच्या वर, केसाळ घोट्यापर्यंत आला तेव्हा कुठे ती किंचाळली, मागे फेकल्यासारखी झाली आणि येल्कासकट आडवी पडता पडता सावरली. भोकातून वाफेचा लोट उठला. मागची ओळ थबकली.

"उभे राहू नका!" दोर्गू दबक्या आवाजात मागे ओरडला. "जागच्या जागी पाय हलवत राहा! निरोप द्या मागं!" तोंडातोंडी निरोप मागे गेला. मागे कुठेतरी तान्हं रडायला लागलं.

येल्काने थोरलीचा तो पाय उचलून गुडघ्यावर घेतला. सकाळी घ्यायचा होता तो. घोट्यावरचे केस गळाले होते, कातडी लाल झाली होती. तळवा मात्र धड होता. तपकिरी, चकचकीत, गुळगुळीत, कडेने जरासा ओघळलेला. भेगा बुजलेल्या. तिने नाक जवळ नेलं.

राळमेण.

हा वास ओर्मेतलं पोरही ओळखतं. हिवाळ्यात रोज संध्याकाळी घरातली म्हातारी चुलीवर राळ आणि मेण कढवते आणि सगळ्यांच्या टाचांना चोळते. भेगा मिटतात, ठणका थांबतो, कातडं सुन्न होऊन गाढ झोप लागते. माणसाला चालतं ते. माणूस काही पायाने बघत नाही.

येल्का वळली. काळतोंडी आता जवळ आली होती. नौरा वरून खाली बघत होती, तोंड राखेसारखं झालेलं.

"आत्याबाई," येल्का म्हणाली. "हे तुम्ही केलंत?"

म्हातारीने होकाराची मान हलवली.

"चारी पायांना?"

"चारी."

"आई?" दोर्गूला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि त्याचं हसरं तोंड एकदम पोरकं दिसायला लागलं. "आई, म्होरकीला राळमेण? तू? वेड लागलं का तुला? तिचे डोळे बांधून आणलंस तू आम्हाला इथं!"

"हळू बोल."

"का केलंस पण?"

"ती लंगडली असती तर तू पुढे आला असतास," नौरा म्हणाली. ती लपवाछपवी करत नव्हती. "तुला घाई असते, दोर्गू. जेवताना घाई, बोलताना घाई. तुझ्या बापालाही होती. काठ दिसला की त्याचे पाय थांबायचे नाहीत. त्याला मी ह्याच सायीत जाताना बघितलंय, हातभर अंतरावरून. मला वाटलं, थोरलीला वाट पाठ आहे. मेण लावलं तरी म्हातारी खोमी सवयीने नेईल. चुकले मी."

येल्काला म्हातारीचा असा राग आला की हात शिवशिवले. त्याच क्षणी सकाळचा न उचललेला पाय तिला आठवला. बोलायला वेळही नव्हता. पायाखालची जमीन गादीसारखी दबायला लागली होती.

"काळतोंडीला पुढे घ्या," ती म्हणाली.

दोर्गूने वादही घातला नाही. आईला पाठीवर तसंच ठेवून त्याने काळतोंडीला थोरलीच्या शेजारून पुढे काढलं. काळतोंडीचे तळवे स्वच्छ होते, तिला सगळं जाणवत होतं, आणि हीच पंचाईत झाली. तिने पहिलं पाऊल टाकलं, पाय उचलला. दुसरीकडे टाकला, उचलला. कोवळं जनावर, कधी पुढे चाललेलं नाही. पुढच्या सगळ्याच जमिनीखाली उकळतंय हे कळल्यावर ती थरथरत एका जागी खिळली आणि घोगऱ्या आवाजात हंबरायला लागली. मागचा कळप उत्तरादाखल हंबरला. एखादी बुजली असती तर सगळ्या आडव्यातिडव्या धावल्या असत्या आणि मग ओर्मेची वस्ती नावापुरतीही उरली नसती.

"चल गं, माझे आई, चल," दोर्गू तिच्या मानेला टेकून विनवत होता. काळतोंडीच्या पायांभोवती पापुद्र्यावर ओल उमटायला लागली.

येल्काने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चार पावलं पुढे गेली. पातळ जागा जास्त गरम लागते, एवढं माणसालाही कळायला हवं. तिने पाय दाबून बघितला. डावीकडे, उजवीकडे. काही नाही. नुसतं कोमट, सगळीकडे सारखं.

"तुला नाही कळायचं," वरून नौरा म्हणाली. "तुझे पाय मीच माखलेत हिवाळाभर. सगळ्यांचेच. मला उतरव, दोर्गू."

"तू गप बस आई आता. पुरे झालं."

"उतरव म्हणते ना! पहाटे मडक्यात तळाला थोडंच उरलं होतं. चार पायांना पुरेना. हिवाळाभर स्वतःला न लावता ठेवलेलं माझ्या वाटचंही मी थोरलीलाच घातलं. माझे पाय उघडे आहेत."

तिने पायांना गुंडाळलेली फडकी सोडली. म्हातारीचे तळवे येल्काने कितीतरी दिवसांत बघितले नव्हते. काळे, वाळलेले, खोमीच्या तळव्यांसारखेच भेगाळलेले. उघड्या भेगा घेऊन ही बाई कधी एका शब्दाने कण्हली नव्हती, आणि थोरली कण्हली ते मात्र तिला बघवलं नव्हतं.

दोर्गूने आईला उचलून खाली ठेवलं. तिचे पाय सायीला टेकले तसा तिने श्वास ओढला, आणि लगेच तिचा चेहरा बदलला. येल्काला लहानपणी बघितलेली नौरा दिसली, लाल पट्टेवाली, जिच्यापुढे बाप्येही हळू बोलायचे.

"थोरलीला माझ्या मागं आण," ती म्हणाली. "तिला दिसत नसलं तरी ती बुजायची नाही. ती आली की बाकीच्या येतील. काळतोंडीला तिच्या मागं घाल. आणि दोर्गू, तोंडाला कुलूप."

"आत्याबाई, भाजतील पाय."

"भाजतील तेव्हाच कळेल ना कुठे गरम आहे ते."

म्हातारी पुढे झाली. पाय टाकायची, अंगठा दाबायची, मग टाच. मान हलवायची, बाजूला सरकायची. येल्का वहाणा पुन्हा पायात घालून तिच्या मागोमाग, थोरलीचा कान धरून. थोरलीचं नाक म्हातारीच्या मानेशी भिडत होतं. काळतोंडीच्या नाकाला पुढची मोठी पाठ लागल्यावर तिचं हंबरणं थांबलं, ती मुकाट मागे लागली. मागून निरोप आला, कढत पाणी वर येतंय, पण सगळे चालताहेत. येल्काने विचारलं, "रिमी?" उत्तर तोंडातोंडी परत आलं, "चालते आहे. पोर झोपलं."

ऊन चढत होतं. येल्का म्हातारीच्या पावलांकडेच बघत होती, दुसरीकडे तिला बघवत नव्हतं. आधी पावलं कोरडी उमटत होती. मग ओलसर. मग प्रत्येक ठशात टाचेच्या जागी काहीतरी पातळ, पांढरं चिकटून राहायला लागलं. ते काय आहे ते येल्काला कळलं.

"आत्याबाई, थोडा वेळ माझ्या वहाणा घाला. कठीण जागेवर तरी."

"वहाणा घातल्या की मला दिसायचं बंद. चल."

"मी पाया पडते तुमच्या."

"पड, पण पलीकडे गेल्यावर. इथं वाकू नको."

एवढ्या जिवाच्या आकांतातही दोर्गूला हुंदका आणि हसू एकदमच फुटलं, आणि त्याने तोंडात पटक्याचं टोक कोंबलं.

थेलचा काठ दिसायला लागला. हिरवा. दगडाच्या घरांतून हिवाळ्यात राहिलेली माणसं बाहेर येऊन उभी होती, त्यांचे चेहरेही ओळखू येत होते. अगदी समोर, सरळ रेषेत. पाण्यात सूर मारावा तशी धाव घेतली तर पोचू, असं कुणालाही वाटावं. सायीने आजवर जेवढी माणसं खाल्ली ती बहुतेक इथेच.

एका लांबट, गुळगुळीत पट्ट्यापाशी म्हातारी थांबली. येल्काला जमिनीत काही फरक दिसला नाही. तिच्या मुठीत थोरलीच्या कानाने हिसका दिला, डावीकडे, जोराचा. लगेच म्हातारी डावीकडे वळली. काठापासून दूर. पुन्हा सायीच्या पोटाकडे.

मागे कुजबुज उठली. "काठ तर इकडे आहे!" "म्हातारीला चक्कर आली काय?" कुणाचं तरी जनावर ओळीतून बाहेर पडून सरळ निघालं. येल्काने दोर्गूकडे बघितलं. त्याचे डोळे काठावर खिळले होते, गळ्याची शीर उडत होती. उभा जन्म घाईत काढलेला माणूस, आणि समोर काठ. तो सरळ निघाला असता तर अर्धी ओळ त्याच्यामागे गेली असती.

दोर्गूने काळतोंडीचा कान सोडला. मागे गेला, ते ओळीबाहेर पडलेलं जनावर नाकातल्या कडीला धरून परत ओढून आणलं, आणि त्याच्या मालकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "माझी आई जिकडे पाय टाकेल तिकडे. माझ्या आईच्या पुढे जाणाऱ्याला मी स्वतः ढकलीन." मग पळत नाही, चालत परत आला. येल्काला त्या माणसाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला.

पुढची चाल संपता संपेना. काठाला समांतर जायचं, हात लांबवला तर लागेल असं वाटावं आणि तरी जायचं नाही. मागे त्या गुळगुळीत पट्ट्यावर, जिथून सगळ्यांना जायचं होतं, ऊन पडलं आणि तो आपणहून खचला. भला मोठा बुडबुडा फुटल्यासारखा आवाज आला. 

मग खडकाची जीभ आली, आणि म्हातारी तिच्यावर चढली. थोरली चढली. येल्काच्या पायाखाली खरा दगड लागला तेव्हा ती तिथेच खाली बसली. ती तशीच बसून मोजल्यासारखी एकेकाकडे बघत राहिली. खोम्या वर येत होत्या, माणसं येत होती. रिमी आली. तिच्या पाठीवर पोर खरंच झोपलेलं होतं.

काठावर पोचलं की घरातल्या थोरल्या बाईने म्होरकीचे पाय धुवायचे असतात. थेलच्या बायकांनी चुलीवर पाणी ठेवलेलंच होतं. नौरा दगडाला टेकून बसली होती, पाय समोर पसरलेले. त्या पायांकडे बघून थेलच्या बायका आपापसांत बोलायच्या थांबल्या.

येल्काने पाण्याचं भांडं उचललं आणि सरळ सासूसमोर बसली.

"हे काय?" म्हातारी कुरकुरली. "आधी तिचे धू. रीत आहे."

"राहू दे रीत."

"येल्का, मी वस्तीचा घात करत होते. सगळ्यांसमोर सांगणार आहे मी ते. माझे पाय धुऊ नको."

"सांगा की. कोण अडवतंय? पण आधी पाय द्या इकडे." येल्काच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या तिने पुसल्याही नाहीत. म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन तिने पाणी ओतलं. पाण्याचे चार थेंब तिच्या स्वतःच्या मनगटावर उडाले आणि ती ओरडली. चुलीवरून आत्ताच उतरवलेलं पाणी, त्यात गार घालायचं रडण्याच्या भरात राहून गेलं होतं.

"अगं बाई! भाजलं का हो? आत्याबाई, भाजलं?"

नौरा शांतपणे तिच्याकडे बघत होती. पाय हललासुद्धा नव्हता.

येल्काने भांडं खाली ठेवलं. तिने विचारलं, "कधीपासून कळत नाहीये तुम्हाला?"

"आहे झालं."

"कधीपासून, आत्याबाई?"

म्हातारीने आजूबाजूला बघितलं. दोर्गू लांब होता, खोम्यांना पाणी पाजत. तरी तिने आवाज खाली आणला. "त्या गुळगुळीत पट्ट्याच्या बरंच अलीकडे. एकदम सगळं गार झालं. वाटलं, ओरडून सांगावं. मग तुम्ही सगळे तिथंच उभे राहिला असता."

"मग वळलात कशा? पट्ट्यापाशी तुम्ही थांबलात, डावीकडे वळलात. वाट कुणी दाखवली?"

नौराने हनुवटीने पलीकडे खूण केली. थोरली उभी होती, कुणी पाय धुवेल याची वाट बघत. येल्का उठली, तिच्यापाशी गेली, आणि तिने पुढचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला. सायीच्या उष्णतेने मेण वितळून कधीच वाहून गेलं होतं. भेगा उघड्या पडल्या होत्या, लालभडक, जिवंत. येल्काच्या बोटाचा नुसता स्पर्श झाला तशी थोरली अंगभर शहारली आणि कण्हली.

"तिचा श्वास माझ्या मानेवर होता," मागून म्हातारी म्हणाली. "तो थांबला की मी थांबायचे. वळला की वळायचे. तुम्हाला सांगितलं असतं तर कोण आलं असतं तिच्यामागं?"

येल्का थोरलीचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसली. मग तिने रिमीला हाक मारली आणि गार पाणी आणायला सांगितलं, दोघींसाठी.